मागचं दार आधी

५ एप्रिल
...आणि मागचं दार आधी, मग पुढचं. हा ह्यांचा रोजचा नेम. मी कपड्यांवर पाणी शिंपडून गुंडाळ्या करायची, हे इस्त्रीत कोळसे पेटवायचे, तोवर नदीकडून वारा दुकानातून आरपार यायचा. पुढचं दार आधी उघडलं की रस्त्याची धूळ आत, आणि राख गिऱ्हाइकाच्या कॉलरवर! एकदा माझ्याकडून झालं तसं. लग्नाचा सफारी होता. हे रागावले नाहीत. परत धुतला.

कपडे बांधायला रद्दी असायची. तिच्यावरच मी वाचायला शिकले. गिऱ्हाईक ओरडायचं, "सोमाभाऊ, आटपा!" — "थांब रं. तिची बातमी अर्धी हाय."

हे सगळं आज आठवलं, कारण बिल्डरची माणसं टेप घेऊन आमचे गाळे मोजून गेली.

९ एप्रिल
गाळेवाल्यांची सभा. नम्रता नावाची आर्किटेक्ट मुलगी आली होती. तिने गाळे पाडून होणाऱ्या नव्या इमारतीचा नकाशा दाखवला. खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर घरं. छपरावर सोलर. भिंती अशा की उन्हाळ्यात एसी फारसा लागू नये. आणि इमारतीच्या मधोमध वाऱ्यासाठी मोकळी वाट.

ती वाट बरोबर आमच्या दुकानावर! मला रस्त्याकडचा कोपरा.

"जागा मोठी मिळेल, काकू."

मोठी नको. तीच हवी.

शेजारची बांगड्यांची जयवंता म्हणाली, "उज्वले, आमी समद्यांनी सह्या केल्या. तुज्यापायी अडलंय गं! तुजी भिंत काय सोन्याची हाय?"

"असंल," म्हटलं. सगळे हसले.

१० एप्रिल
मोहोपाड्याहून लेकाचा, सुमितचा फोन. "आई, कर ना सही. बाबा काय त्या भिंतीत आहेत का?" मी फोन ठेवून दिला.

१४ एप्रिल
जयंती. जगाच्या कपड्यांना हे इस्त्री करायचे. मिरवणुकीचा ह्यांचा पांढरा सदरा मात्र मी.

१७ एप्रिल
दुपारी नम्रता एकटीच आली. पंखा चालू, तरी दोघी घामाने चिंब.

"काकू, ते मागचं दार?"

"बंद असतं."

हे गेले त्या दिवसापासून. ह्यांच्या कोळशांचा वास आत राहावा म्हणून. कुणाला सांगितलं नव्हतं, तिला सांगून बसले!

ती हसली नाही. म्हणाली, "मी नदीवर उभी राहून वारा बघितला, काकू. तो इथूनच आत येतो. म्हणून तर ही जागा कुणालाच दिली नाही."

कुणालाच नाही! मला वाटत होतं, ह्यांच्या जागी उद्या दुसरं कुणी गल्ला मांडून बसेल. तेच सोसत नव्हतं.

ती गेल्यावर कडी ओढली. गंजलेली. वरवंट्याने ठोकली तेव्हा सरकली. वारा असा घुसला की रद्दी थेट रस्त्यावर! जयवंता ओरडली, "अगं बाय, पेपर आवर तुजे!"

वास नव्हताच. कधीच गेला असणार. मी नुसतीच कोंडून बसले होते.

किती वेळ उभी होते कोण जाणे. पदर फडफडत होता.

१८ एप्रिल
सही केली. मग सुताराला बोलावून वाऱ्याला मोकळं म्हणून दुकानाची दोन्ही दारं काढून घेतली. मागचं आधी.