आइस्क्रीमच्या खोलीचं ऑटोमेशन

३ मार्च
डेअरीच्या शीतगृहाच्या ऑटोमेशनचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं. नीट झालं तर मी कायम. पॅकिंगची सुपरवायझर माझी सख्खी ताई. तिच्याच शब्दावर इथे लागलो. ती म्हणाली, डिप्लोमा अर्धवट सोडलास तसं हे सोडू नकोस, माझं नाक कापलं जाईल. म्हटलं, तुझं नाक सुरक्षित आहे.

४ मार्च
काम असं. कोणता माल किती थंड ठेवायचा, हे जुन्या मेनफ्रेमच्या, म्हणजे ऑफिसातल्या कपाटाएवढ्या कॉम्प्युटरच्या, फाइलीत असतं. आजवर त्याचा छापील कागद बघून पेंग्विन प्रत्येक खोलीचं बटण फिरवायचा. (पेंग्विन म्हणजे शीतगृहाचा राखणदार. बारा महिने स्वेटर, डुलत चालणं.) आता फाइल परस्पर मशीनकडे जायला हवी. पण मेनफ्रेमची लिपीच वेगळी. आपल्या कॉम्प्युटरवर उघडली, तर नुसत्या मुंग्या. घाबरलो नाही. फाइल तीनदा बंद करून उघडली, ती सवयीने.

५ मार्च
मेनफ्रेमच्या फाइली वाचणारं ओपन सोर्स टूल सापडलं. चक्क फुकट. मॅन्युअल भलंमोठं आहे. मुद्दाम वाचलं नाही. दुसऱ्याच्या विचारांचा आपल्यावर परिणाम नको.

६ मार्च
मुंग्यांची अक्षरं झाली! दूध, लोणी, आइस्क्रीम, सगळं स्वच्छ दिसतंय. तापमानाचे आकडे मात्र जागा वाचवायला दाबून पॅक केलेले. टूल ते सोडवून देतं म्हणे, पण महत्त्वाचं काम स्वतः करावं. केलं. प्रत्येक आकड्याला शेपटी निघाली. दुधाच्या ४ मागे सी, आइस्क्रीमच्या १८ मागे डी. टूलवाल्यांचा गलथानपणा. फुकटात एवढं चालायचंच.

७ मार्च
सगळ्या शेपट्या छाटल्या. फाइल आता बघत राहावी अशी. टूलवाल्यांच्या फोरमवर नम्र पण कडक तक्रार टाकली. दोनदा तपासली, स्पेलिंगची एकही चूक नाही. ताईने विचारलं, ती अक्षरं कशाची, कुणाला विचारलंस का? म्हटलं, केर काढताना कुणी केराला विचारतं का, बाबा रे, तू कशाचा?

१० मार्च
सुरू केलं! मशीनवरचे आकडे माझ्या फाइलीशी ताडले. चारला चार, अठराला अठरा. साहेबांनी पाठ थोपटली. संध्याकाळी पेंग्विनने स्वेटर काढला. म्हणाला, एवढ्या वर्षांत आइस्क्रीमच्या खोलीत पहिल्यांदा बरं वाटलं बघा. कामगारांच्या सोयीचा विचार मी केला नव्हता, पण श्रेय घेतलं.

११ मार्च, सकाळी
आइस्क्रीमच्या खोलीच्या दाराखालून काहीतरी गुलाबी येतंय. पेंग्विनला फरशी पुसण्यावरून समज दिली.

दुपारी
गुलाबीनंतर पिवळं आलं. आता चॉकलेटी. टूलवाल्यांचं उत्तरही आलं. चूक टूलची नाही. सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे. मॅन्युअलच्या पहिल्याच पानावर आहे. तक्रार फार शुद्ध लिहिली आहे, असंही म्हणालेत. तेवढं वाक्य जपून ठेवलं.

१२ मार्च
साहेबांची केबिन. ताई म्हणाली, साहेब, तो चोर नाही हो, नुसता नीटनेटका आहे. साहेब म्हणाले, अहो, चोर परवडला. एक डबा घेऊन पळाला असता. माझं कायम होणं रद्द. ताईकडे बघून काढलं नाही, एवढंच. घरी जाताना ती माझ्या दहा पावलं पुढे चालत राहिली. घराचं कुलूप उघडताना म्हणाली, आईला तूच सांग.

१३ मार्च
ऑटोमेशन बंद. आता खोल्यांत जाऊन थर्मामीटर वाचायचं, पेंग्विनच्या हाताखाली. तसं पाहिलं तर प्रत्यक्ष कामाचा अनुभव. ही एका अर्थी बढतीच. पुन्हा थंड केलेल्या आइस्क्रीमच्या खोलीत शिरलो. उणे अठरा एवढं असतं, याची फाइलीवरून कल्पना येत नाही. पेन चालेना. दात वाजत होते, तरी दारापर्यंत येऊन ओरडलो, अठरा!
बाहेरून पेंग्विन म्हणाला, नुसतं अठरा? परत आत जा दादा, नीट बघून या.