सत्त्यांची नोट

कट्टा, ता. मालवण
९ एप्रिल १९५९

ती. सौ. कावेरीआक्का हिस जयरामचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. वैशाखात येतेस हे वाचून यशोदेनं आत्तापासूनच ओटा सारवायला काढला आहे. आठ वर्षांनी येणार, तेव्हा चांगले पंधरा दिवस काढून ये. दोन दिवसांत पळायला निघालीस तर कोल्हापूरच्या गाडीत मी तुला चढू देणार नाही, मी एस.टी.चा कंडक्टर आहे हे विसरू नकोस.

पण आज लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. घाईघाईत लिहितोय, अक्षराला हसू नकोस. नोकरीला लागल्यापासून सात वर्षं मी हातात येणाऱ्या प्रत्येक नोटेचा नंबर वाचतो, हे माझं खूळ तुझ्या कानावर आलंच असेल. बिस्किटांच्या डब्यात तीसेक नोटा जमल्या आहेत. काही राजाच्या चित्राच्या, काही वाकड्या कापलेल्या, काहींचा नंबर उलटसुलट सारखाच. पण सहाही आकडे एकच असलेली नोट कधी दिसली नव्हती. आज दिसली.

कसालच्या सकाळच्या गाडीत चौके गावाला तुळसा मासेवाली टोपली घेऊन चढली. तिनं कमरेच्या गाठीतून ओलसर रुपया काढून दिला. मी सवयीनं नंबर वाचला आणि तिकीट फाडायचंच विसरलो. सात, सात, सात, सात, सात, सात. खात्री करायला उलटीकडून वाचला, तरी सातच. मी घंटीची दोरी अशी ओढली की लुईस ड्रायव्हर भर रस्त्यात गाडी थांबवून, कोण पडलं म्हणून खाली उतरून चाकं बघू लागला. मग नोट गाडीभर हातोहात फिरली. ती शेवटच्या बाकावरून परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. तुळसाला वाटलं नोट खोटी. खोटी आसा तर तसा सांग, माका फसवू नको, म्हणून तिनं गाडी डोक्यावर घेतली. शेवटी खरं सांगितलं, तर एका रुपयाचे दोन मागितलेन आणि वर तिकीटही माझ्याच खिशातून. आनंदानं दिले. थैलीत तिच्या तिकिटाचे पैसे घातले आणि सत्त्यांची नोट घरी आणली.

तू आलीस की पहिली तुला दाखवीन. तिला तुळसाच्या टोपलीतल्या बांगड्यांचा वास येतो, पण मला तो अत्तराहून बरा वाटतो.

भाऊजींना नमस्कार. धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा जयराम


कट्टा
७ जून १९५९

ती. सौ. आक्का हिस शि. सा. न. वि. वि.

तू गेल्यापासून घर खायला उठतंय. पाऊस तोंडावर आला म्हणून काल डबा मेणकापडात गुंडाळायला काढला, आणि सत्त्यांची नोट त्यात नाही. बाकी सगळ्या आहेत, तेवढी एकच नाही. तांदळाची कणगी उपसली, पेटी रिकामी केली, उंदरांची बिळंही सोडली नाहीत. यशोदेला विचारलं तर चूल फुंकत बसते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तू डबा मांडीवर घेऊन बसली होतीस. तुझ्या सामानात चुकून तर गेली नाही ना? हे वाक्य तीनदा लिहून तीनदा खोडलं. आईच्या पाटल्यांबद्दल असंच एक वाक्य लिहिलं आणि तुझी पावलं आठ वर्षं या घराला लागली नाहीत, हे मी विसरलेलो नाही. संशय घेत नाही गो, पण चैनही पडत नाही. बघून कळव.

रागावलीस तरी पत्र टाक.

जयराम


कोल्हापूर
१४ जून १९५९

चि. जयराम यास कावेरीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस घास उतरला नाही. पाटल्या आईनं स्वतःच्या औषधासाठी माझ्या हातून विकल्या आणि तुला न सांगण्याची शपथ घातली, हे या वेळी ओट्यावर बसून तुला सांगितलं. तू रडलास, मीही रडले. वाटलं, संपलं सगळं. आणि महिन्याच्या आत पुन्हा तोच प्रश्न. तुला उत्तरच पाठवायचं नाही असं ठरवलं होतं.

तरी काल सामान उपसलं. सामानातल्या वहीचं पान न् पान उलटलं. काही नाही. शेवटी देव्हाऱ्याकडे लक्ष गेलं. यशोदेनं भरलेली ओटी मी अजून सोडली नव्हती. नारळ तेवढा वापरला होता. तांदूळ, हळकुंड आणि वर घातलेली नोट खणात बांधून तशीच ठेवली होती. आठ वर्षांनी माहेरचे तांदूळ मिळाले, ते शिजवून संपवावेसे वाटेनात. गाठ सोडली, नोटेची घडी उलगडली आणि मी अशी ओरडले की तुझे भाऊजी अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून धावत आले. सहा सत्ते. आम्ही दोघांनी मोजले, मग शेजारच्या आनंदीबाईंना बोलावून त्यांच्याकडून मोजून घेतले. तुळसाच्या बांगड्यांचा वास आता तांदळालाही लागला आहे.

यशोदेनं घाईत हाताला लागली ती नोट घातली असणार. तिला एक शब्द बोललास तर गाठ माझ्याशी आहे. आता पेच असा, की ओटीत पडलेलं माहेरी परत धाडायचं नसतं, आणि तुझा जीव तर त्यातच अडकलेला. रजिस्टरनं पाठवू का? तू म्हणशील तसं करीन.

राग गेला असं समज.

कावेरी


कट्टा
२१ जून १९५९

ती. सौ. वन्संस यशोदेचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं. मिळाली म्हणून हे भर पावसात लुईसच्या घरी सांगायला धावले. ते परत येईपर्यंत मी मनाशी ठरवलं की आता गप्प बसायचं नाही.

वन्सं, ती घाई नव्हती आणि चूकही नव्हती. पाटल्यांचं ते पत्र ह्यांच्या अक्षरात असलं तरी शेजारी बसून लिहून घेतलं होतं मी. तुम्ही ओट्यावर खरं सांगत होतात तेव्हा मी आत खोबरं खवत होते, माझा हात थांबला. बाहेर येऊन कबूल करायचा धीर झाला नाही. ओटी भरताना ट्रंकेत दोन कोऱ्या नोटा होत्या, पण त्या घालायला हात होईना. ह्यांना विचारायला हवं होतं, नाही विचारलं. घरात जिच्यावर ह्यांचा जीव आहे अशी एकच चीज होती, ती तुमच्या ओटीत घातली. वाटलं, तुम्ही घरी जाऊन गाठ सोडाल, दोन दिवसांत कळवाल. तुम्ही सोडलीच नाहीत. ह्यांनी तुम्हालाच विचारलं हे मला मागाहून कळलं. पुन्हा माझ्याचमुळे तेच झालं होतं.

ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून हे उठले. मग डबा काढला, एका जुन्या तिकिटाच्या पाठीवर 'सहा सत्ते आक्काकडे आहेत' असं लिहून नोटेच्या जागी ठेवलं आणि वाढायला सांगितलं. दोनदा भात घेतला.

तेव्हा नोट पोस्टानं पाठवू नका. चतुर्थीला पदराला बांधून तुम्हीच घेऊन या. ह्यांना डोळे भरून बघू द्या आणि जाताना परत बांधून न्या. पुढे जेव्हा जेव्हा बघाविशी वाटेल तेव्हा ह्यांना तुम्हाला बोलवावं लागेल. या वेळी ओटीत मी साधा रुपया घालीन.

भाऊजींना नमस्कार. तुमच्या या भावजयीला पदरात घ्या.

यशोदा