घडीच्या सायकलीला खडू लावला

आबा, तुमी जाऊन किती वर्सं झाली ते मी मोजत न्हाई, पण आज तुमाला सांगितल्याबिगर राहवंना. माझी शाळा दुसरीपर्यंत, येलांट्या चुकल्या तर रागवू नका. तुमची पणती, म्हणजे माझी नात, येलदरीच्या धरणावर जायली. मैत्रिणीसंगं दोन दिवस तंबूत राहायचं. देवाला न्हाई, लग्नाला न्हाई, नुसतं राहायचं. आन संगं सायकल, तीबी घडीची. सतरंजीवाणी घडी घालायची, एष्टीत पायाशी ठेवायची, उतरलं की उलगडून निघायचं. मला लय आनंद झाला. पण आनंदाच्या खाली कायतरी चुरचुरलं, तापल्या तव्यावर पाणी पडावं तसं.

नव्या सायकली महाग, म्हणून ती महिनाभर फोनवर जुन्या बघायली. कोणती हलकी, कोणत्या चाकाला कच्च्या रस्त्यावर दम धरवंल, मलाच विचारायची. मी म्हणलं, आदी उचलून बघ, एष्टीत चढवायची तुला हाय, कंडक्टरला न्हाई. आन घडीचा सांधा हालवून बघ, तिथं ढिली असली तर फुकटबी घेऊ नको. पोरगी वहीत लिहून घेती हो आबा. माझं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं.

परभणीत एका रिटायर मास्तरांच्या अंगणात निळी सायकल मिळाली. सस्ती, हलकी, सांधा घट्ट. नातीनं पर्समधून खडू काढला. तुमची गोष्ट मीच तिला सांगितली व्हती ना, गंगाखेडच्या दुकानात तुमी चाक फिरवायचे आन मी रिंगला लागून खडू धरायची. सगळीकडून सारखी रेघ उमटली तर चाक सरळ, एकाच जागी उमटली तर चाक वाकडं. तुमी न्हाई म्हणलं की ती सायकल सगळ्या गावात कुणी घेत नव्हतं. मी चाक फिरवते, खडू धरते, आन मला ते दुकान दिसायलंय. दादा सायकलवर टांग टाकून गंगेवर पवायला चाललाय, मीबी दांड्यावर पाय टाकते तर तुमी म्हणता, "उतर. पोरीनं पाना द्यावा, पायंडल मारू नये." इथं माझी नात कंबरंवर हात ठेवून उभी, तिला उतर म्हणणारं कुणीच न्हाई. माझा हात दाबला गेला आबा. दाबला गेला कशाला म्हणू, मीच दाबला आन लगेच मागं घेतला. एकाच जागी पांढरा डाग उमटला. "वाकडं हाय," मी म्हणलं. "ऱ्हाऊ दे." मास्तर बिचारे चष्मा पुसून चाकाकडं बघत राहिले.

रिक्षात पोरगीनं खडू पर्समधी ठेवला. मग म्हणाली, दुसऱ्या सगळ्या महाग हायत, आज्जी, ह्या बारीला मैत्रिणीला एकटीलाच जाऊ दे. रडली न्हाई, हट्ट न्हाई, माझ्या हातावर हात ठेवून बसली. तुमच्या हुनरावर तिचा केवढा इस्वास, आन मी त्याच हुनरानं तिला फसवलं. रातीची भाकर तशीच झाकून ठेवली. सकाळी चहा व्हायच्या आदी म्हणलं, चल, परत बघू.

मास्तरांनी सायकल उलटी केली. मी खडू धरला, नुसता धरला. चाकाभवती पांढरी रेघ फिरली, बांगडीवाणी.

"आज्जी, मग काल काय झालं व्हतं?"

"काल मी जळले."

"कुणावर?"

"तुझ्यावर, दुसरं कोण हाय हितं."

पोरगी पोट धरून हासली. मग सायकल सरळ करून म्हणाली, "बस आता."

ह्या सायकलीला मधी उंच दांडा नसतो आबा, लुगडं अडकत न्हाई. चाकं ल्हान, पाय भुईला टेकतात. नातीनं मागून धरलं, मास्तरीणबाई तुळशीपाशी उभ्या राहून बघायल्या, आन मी फाटकापर्यंत गेले. एकदा. पायंडल मारीत.

आज ती येलदरीला पोचली. फोटू धाडलाय, पाण्याच्या कडंला निळी सायकल आन केसरी तंबू. मी चारदा बघितला, शेजारणीला दावला, आन अजूनबी थोडं जळतंय. जळू दे.

हा कागद कुठं टाकणार, तुमचा पत्ता कुणाला ठाऊक हाय. खडूचा तुकडा ह्याच्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवते. पण एक ऱ्हायलं, नातीलाबी सांगितलं न्हाई. दादाच्या नव्या सायकलीचं चाक वाकडं निघालं व्हतं, तुमी दुपारभर तारा कसत बसले, आन दादाचं गंगेवर जाणं हुकलं, आठवतंय का? ते चाक सरळच व्हतं आबा. खडू माझ्या हातात व्हता.