भरतीत दातही मोजतात

१२ सप्टें.
सिव्हिल लाइन्सचं मैदान. सोळाशे मीटर, पाच-छत्तीस. पोरांत दुसरा. थुंकलो तर लाल. बरंच वाटलं, म्हटलं छातीतून आलं, दम लावला आपण. माझा खोलीतला जोडीदार रामदीन हसला. "छाती का नहीं है बे, मसूड़ों का है. आईना देख." पाहिलं. हिरड्या जांभळ्या, सुजलेल्या.
लेखी कशीबशी निघाली. आठवी पासवाली जागा. वयाच्या हिशेबानं फौजेची ही शेवटची भरती. नाही झालं तर ओमती मोहल्ल्यातल्या गोदामात आता उचलतो तीच टाइल्सची खोकी, जन्मभर.

१५ सप्टें.
जिम. उस्ताद मागं उभा. "दाँत भींच के उठा, दाँत भींच के." उचललं. कट्कन आवाज. वाटलं कंबर गेली. दाढेचा तुकडा होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा. उस्ताद म्हणे, "कंधे से सिलेक्शन होता है, दाढ़ से नहीं." मेडिकलला दात मोजतात हे याला माहीत नाही? इतकी वर्षं भरतीला पोरं पाठवून राहिला.

१८ सप्टें.
दातवाली डॉक्टर. आडनाव पाहून मराठीत बोलली. इथंच जन्मलेली, घरापुरतं मराठी.
"काय लावतोस रे तू?"
काहीच नाही म्हटलं. दारू नाही, बिडी नाही, खर्रा नाही. खरंच सांगितलं.
"अच्छा. मग मंजन कोणतं?"
गुडाखू. लहानपणापासून. धावायच्या आधी बोटानं दोनदा फिरवतो. पोट साफ होतं, डोकं उघडतं.
मॅडम म्हणे, "अरे भैया, तंबाखूच आहे ती. गुळात कालवलेली."
डबीवर लिहिलेलं आहे. रोज हातात असते. आमच्या गोंदियाकडं खर्रा म्हणजे नशा आणि गुडाखू म्हणजे तोंड धुणं. बाया, म्हातारे, पोरं, सगळे घासतात. कोणी नशा म्हणत नाही.
मॅडमनं अजून सांगितलं. तोंड वासून धावतो म्हणून तोंड सुकतं, होईल तेवढं नाकानं घे. लिंबू-ग्लुकोज घोट घोट पितो ते दातांवरच बसतं, वरून साध्या पाण्यानं चूळ भर, लगेच ब्रश नको, अर्धा तास जाऊ दे. वजन उचलताना दातावर दात नको. मी मान हलवत राहिलो. म्हणजे दोन वर्षं घाम गाळून सगळं उलटंच.

२३ सप्टें.
पाच दिवस डबी बंद. डोकं फुटून राहिलं. पोट दगड. सोळाशेला सहा-दहा. रामदीन म्हणे, "एक बार लगा ले, टाइम तो आ जाएगा." मारलं असतं त्याला. डबी संडासात रिकामी केली. मग बोट हुंगलं. किती वेळ हुंगत बसलो ते लिहीत नाही.

२६ सप्टें.
मायचा फोन.
"काहून असा तुसड्यासारखा बोलून राहिला रे?"
सांगितलं सगळं. म्हटलं, पाच वर्षांचा होतो, तूच लावून दिलं.
"दाढ दुखे तुही. रातभर रडे. दवाखाना कुठी होता गावात?"
म्हटलं, तुझ्या तोंडात किती राहिले ते मोज आधी.
तिनं फोन ठेवला नाही. मीच कापला.

२ ऑक्टो.
हिरडीचं रक्त कमी. पाच-एकावन्न. कोणाशी बोलावंसं वाटत नाही. उस्तादनं विचारलं, वजन काहून उचलत नाही. म्हटलं, दात सांभाळून राहिलो. सगळी जिम हसली.

६ ऑक्टो.
तुटलेली दाढ हलते. मॅडम म्हणे, ठेवली तर खाली पू आहे, भरतीचे डॉक्टर हिरडी दाबून पाहतील. काढली तर मोजणीत एक कमी.
"एक कमी चालते का?"
"बाकीचे नीट असले तर अडू नये. पण ते लोकच ठरवतील. मी लिहून नाही देऊ शकत."
"तुमचा पोरगा असता तर?"
"काढली असती."
काढली. कापूस दाबून गोदामात गेलो. खोकी काय थांबतात.

१४ ऑक्टो.
भरतीचं धावणं. पहिल्या टोळीत धावलो, वेळेत निघालो. नाकानंच श्वास घेतला, शेवटचा फेरा सोडून. उद्या मेडिकल.
संध्याकाळी मायला फोन लावला. त्या दिवसानंतर आजच.
"धावला का?"
"धावलो. निघालो."
"मग आता काय रायलं?"
"उद्या मेडिकल. दात मोजतील."
तिच्या तोंडात गुडाखू होता. आवाजावरून कळतं. थुंकून ये म्हणालो नाही.
"मोजू दे," म्हणे. "तुहे त सगळे हायेत."
जीभ दाढेच्या खड्ड्यात होती. हो म्हटलं.