पाय विचारणारं गिऱ्हाईक

मु. नेरे, ता. मुळशी
रविवार

आदरणीय एकनाथदादांना जालिंदरचा बसूनच नमस्कार (वाकता येत नाही, राग नसावा).

तुमचा रक्तदाब आणि वहिनींचा पारा दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. जहाजावरून सुट्टी घेऊन तुम्ही घोटावड्याला आल्याचं दूधवाल्याकडून कळलं. अकरा वेळा फोन लावला. भर समुद्रात तुमचा फोन लागायचा, घोटावड्यात लागत नाही, म्हणून हे पत्र.

माझं म्हणाल तर पाय उशीवर आहे आणि मी पायाच्या हुकमात. जहाजाच्या डेकवर पडून मोडलेलं हाड वाकडं जुळतंय. पुण्याचे डॉक्टर म्हणतात, दुसरं ऑपरेशन करा, नाहीतर जन्मभर लंगडाल. आणि लंगड्या खलाशाला जहाजावर कोण घेणार? कंपनी ऑपरेशन करणारही होती. पण तिच्या मुंबईच्या साहेबांनी चौकशीला फोन केला तेव्हा मी नेमका न्हाणीत (एका पायावर अंघोळ हे वेगळंच प्रकरण आहे, भेटीत सांगेन), आणि फोन घेतला आमच्या आबांनी. आबांची हयात मेंढरं विकण्यात गेली. बाजारात कुणी जनावराचा पाय विचारला की ते गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकाला खोड सांगायची नसते, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. साहेबांनी विचारलं, पाय कसा आहे? आबा म्हणाले, "लई झ्याक! खडकावर सोडा न्हाईतर चिखलात, कुटं अडायचा न्हाई." वर माझे दातही चांगले असल्याचं सांगितलं.

साहेबांनी ते लिहून घेतलं. चौथ्या दिवशी कागद हजर: खलाशी पूर्ण बरा झाला, यापुढे त्याचा कसलाही हक्क नाही, खाली सही करा. शिवाय पडला तेव्हा तो कामावर नव्हता, नाश्त्याला चालला होता, असा शेरा. मी आबांवर इतका ओरडलो की ते दोन दिवस मेंढरांतच जेवले. त्याचं मला फार वाईट वाटलं.

शेवटी आमच्या आळीतल्या वकीलबाई तृप्तीताईंनी कागद वाचला. म्हणाल्या, सही अजिबात करू नकोस. कामावर लागलं की उपचार मालकानेच करायचे, आणि बरा झालास की नाही हे डॉक्टर ठरवणार, तुझे आबा नाही. एवढंच कळवायचं होतं, बाकी माझं काही मागणं नाही.

आपला,
जालिंदर

ता. क. : मागणं एक आहे. मी दोर ओढताना पडलो, हे भटारखान्याच्या दारातून पाहणारे तुम्ही एकटेच. तेवढं दोन ओळींत लिहून खाली सही करा.

ता. क. दुसरा : डेकवरचं तेल तुमच्या वड्यांच्या कढईतलं होतं, हे मला त्याच दिवशी कळलं होतं (भटारखान्यापर्यंत तुमच्याच चपलांचे ठसे होते). कुणाला बोललो नाही. तृप्तीताई म्हणतात, या हक्कात चूक कुणाची हे बघतच नाहीत, कामावर लागलं एवढं पुरे. तेव्हा घाबरू नका. मला राग तेलाचा नाही, फोन न उचलल्याचा आहे.

ता. क. तिसरा : पत्र आबा घेऊन येताहेत. उत्तर मिळेपर्यंत तुमच्या दारात बसणार आहेत, मेंढरं बरोबर आहेत. फक्त माझा पाय कसा आहे, हे त्यांना विचारू नका. आता ते खरं सांगतात, आणि मग डोळे पुसत बसतात.