सहावं हिरवं पाकीट

प्रिय युचिंग,

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा ठीक आहे, कुत्रा ठीक आहे, शेडचं छप्पर गळत नाही, पण गळेल असं मला वाटतं. तुमच्या ताइतुंगला भूकंपाचा धक्का बसल्याचं बातम्यांत ऐकलं. तू फोनवर म्हणालीस की कपसुद्धा हलला नाही. तरी कपाटावरचं जड सामान खाली काढून ठेव. माझ्या नातीची, मिनमिनची छोटी खाट खिडकीपासून लांब आहे ना?

आता मोठी बातमी. तू गेल्यापासून आपलं डिझाइनचं काम सांभाळणाऱ्या आ-कुओने डोक्यात घेतलं, की करवत यंत्रांची सगळी ड्रॉइंग्ज ऑफिसातल्या सर्व्हरवरून काढून क्लाउडवर ठेवायची. त्याचंही खरं आहे म्हणा. आपल्याकडे एकाच झाकणाची तीन ड्रॉइंग्ज होती, एकाचं नाव 'अंतिम', दुसऱ्याचं 'नवं अंतिम', तिसऱ्याचं 'हेच अंतिम'. वसंतात ओतकामवाल्याकडे मधलं गेलं. ती झाकणं कुठल्याच यंत्राला बसेनात. तुझी आई आता त्यांत कांद्याची पात लावते. पात मात्र झकास आली आहे.

महिनाभर वापरून बघायचं आणि मग घ्यायचं की नाही ते ठरवायचं, असं ठरलं. सही माझी, म्हणून काळजीही माझी. घेतलं आणि फसलं तर आयुष्यभराची ड्रॉइंग्ज गेली. नाही घेतलं तर तो म्हातारा सर्व्हर आहेच, माझ्यासारखाच धापा टाकणारा. मी भूमिदेवाच्या देवळात दोनदा उदबत्ती लावून आलो.

माझी पहिली शंका ऐकून तू हसशील. त्या सर्व्हरच्या डोक्यावर मी आजवर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट कधी चुकवलं नाही, तारीख उलटायच्या आत बदलत आलो. हिरवं म्हणजे यंत्राचा हिरवा दिवा, सगळं सुरळीत; वर 'शहाण्यासारखं वाग' असं नावच छापलेलं पाकीट डोक्यावर असताना कुठलं यंत्र रुसेल? मग क्लाउडचं यंत्र आहे कुठे, आणि पाकीट ठेवायचं कशावर? मी हे भर बैठकीत विचारलं. आ-कुओ म्हणाला, ते कुठेतरी दूर आहे, नक्की कुठे ते त्यालाही माहीत नाही. त्याच्या शेजारी बसून ड्रॉइंग करणारी श्यूमान बोलल्याशिवाय राहते होय? "मालक, गच्चीवर जा आणि वर फेकून बघा," म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो, आणि जाऊन जुन्या सर्व्हरवरचं पाकीट बदलून आलो.

पण महिना फार मजेत गेला, खोटं कशाला बोलू. एकाने ड्रॉइंग उघडलं की ते त्याच्या नावावर अडकतं. तो परत ठेवीपर्यंत दुसऱ्याला नुसतं बघता येतं, बदलता येत नाही. पहिल्याच दिवशी आ-कुओ ड्रॉइंग तसंच अडकवून कोपऱ्यावर तळलेला टोफू खायला गेला. श्यूमान दारात उभी राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "दादा, टोफू चरायला जायचं तर जा, पण ड्रॉइंग परत ठेवून जा." आता तो पाणी प्यायला उठला तरी आधी ड्रॉइंग परत ठेवतो. एकदा त्यांनी मुद्दाम इंटरनेटची वायर उपटली. मी खुर्चीच धरली. वायर परत लावली तर काम जिथल्या तिथे. हे सोडून द्यायचं झालं तर आपला माल परत मिळेल का, हेही मी विचारत राहिलो. शेवटी कंटाळून आ-कुओने सगळी ड्रॉइंग्ज हार्ड डिस्कच्या एका डबीत उतरवून माझ्या हातात ठेवली.

मग जुनी आवृत्ती परत काढून बघायची होती. त्यांनी मोठ्या करवतीची पट्टी निवडली. पडद्यावर आधीचे सगळे बदल, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात आपण लिहायचो त्या जुन्या नोंदींसकट, एकाखाली एक आले, आणि त्यात तुझं नाव होतं. पुढे कारण लिहिलेलं, 'भोक मोठं केलं. बाबा घाबरतात, तरी केलं.' सगळे माझ्याकडे बघून हसायला लागले. मी चष्मा पुसायला बाहेर गेलो. भोक तू बरोबर मोठं केलं होतंस, त्याच पट्टीवर आजही यंत्रं विकली जातात.

शेवटची परीक्षा अशी होती, की फार लांबून, जिथे इंटरनेट रडतखडत चालतं तिथून कोणीतरी ड्रॉइंग उघडून बघायचं. आ-कुओने असं कोण आहे म्हणून विचारलं. सगळे माझ्याकडे बघत राहिले.

परत कामाचं विचारलं की फोनवर तू 'बघू, बाबा' म्हणतेस आणि मग मला पुढचं सुचत नाही, म्हणून पत्र लिहिलं. मी सही केली आहे, युचिंग. पाच माणसं आहेत, पण क्लाउड वापरणाऱ्यांच्या जागा सहा घेतल्या. सहावी तुझ्या नावावर आहे. मिनमिन झोपते तेवढा वेळ बसलीस तरी चालेल, घर सोडायला नको, गाडीत बसायला नको. आणि पाकिटाचंही सुटलं. यंत्र कुठेही असो, माणूस जिथे बसतो तिथे पाकीट. आमच्या पाच टेबलांवर पाच ठेवली, सहावं सोबत आहे. तुझ्या कॉम्प्युटरवर ठेव आणि पट्टीचं ड्रॉइंग उघडून बघ. उघडलं नाही तरी कळव, उघडलं तर आधी कळव. हिरवं खाऊ नकोस. मिनमिनला खायला त्याच कुरकुऱ्यांचं पिवळं पाकीट वेगळं घातलंय.

तुझाच, अजून घाबरणारा,
बाबा