बदलीचा शेरा

मानसरोवर, जयपूर
बुधवार

प्रिय प्रतिमा,

हे पत्र तुझ्या आईच्या पत्त्यावर पाठवतेय, दचकू नकोस. फोनवर काही बोलू नकोस, टाईप तर मुळीच करू नकोस, असं अभिजितने मला बजावलंय. आणि तुमच्या घरी आलेलं पाकीट आधी नंदकिशोर भावजी उघडतात, हे मला ठाऊक आहे.

आम्ही मजेत आहोत असं आधी लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. अनुश्री दहावीत गेली. तुमच्या फ्लॅटमध्ये आता एक मारवाडी कुटुंब राहतं. मी अजूनही सवयीने तुमच्या दाराकडे बघून जिना उतरते.

आमची मंगळवारची प्रार्थना आठवते ना? आम्ही पाच ख्रिस्ती आया जमायचो, मुलांसाठी, त्यांच्या शिक्षकांसाठी, शाळांसाठी प्रभूकडे मागायचो. मी वहीत रकाने आखायचे: नाव, इयत्ता, कशासाठी, आणि शेवटी शेरा. ताप उतरला की ‘बरा’, परीक्षा झाली की ‘पास’. तू चिडवायचीस, “तुमचा देव हजेरी घेतो का गं?” पण नुसत्या मॅट्रिक झालेल्या बाईला एवढंच नीट येतं. एखादं लेकरू आपल्या विसरण्यामुळे राहून जाऊ नये, एवढंच मनात असायचं.

शनिवारी अनुश्रीच्या शाळेत पालकसभा होती. मी ती वही तिथल्या बाकावर विसरले. रविवारी पालकांच्या ग्रुपवर तिच्या एका पानाचा फोटो आला, खाली प्रश्न, “ये किन बच्चों की लिस्ट है?”

त्या पानावर चार मुलांपुढे मी ‘बदली’ असा शेरा लिहिलाय. वडिलांची बदली झाली, घर जयपूरहून हललं, म्हणून. आपल्यात दुसरं काय म्हणतात? पण इथे त्याला तबादला म्हणतात गं. त्यांनी आपल्या हिंदीतून वाचलं, की काहीतरी बदलून टाकलं. आणि चारही मुलं हिंदू घरातली. त्यात तुझ्या मुलाची ओळ अशी: संकेत, नववी, भीती, बदली.

सोमवारी शाळेच्या ऑफिसात बोलावलं, तेव्हा एका मुलीच्या वडिलांनी ती ओळ सगळ्यांना वाचून दाखवली. “देख लो, डर दिखाया और बदल दिया.” मी म्हणत राहिले, “भैया, बदली मतलब ट्रान्सफर.” ते म्हणाले, “हाँ हाँ, वही तो. एक धरम से दूसरे में ट्रान्सफर.” दोघे-तिघे हसले.

तेव्हापासून बेल वाजली की मी आधी दाराच्या भोकातून बघते. अनुश्री दोन दिवस डबा तसाच परत आणतेय, सोबत खायला कुणी बसत नाही म्हणे. काल मंगळवार होता. पाचातली फक्त गिरिजा आली, तीही चपला हातात घेऊन आत शिरली. आम्ही खिडक्या लावून कुजबुजत प्रार्थना केली. आपल्याच देवाशी चोरून बोलल्यासारखं वाटलं. जाताना ती म्हणाली, “नावं ऐकून ऐकून लिहिली, कुणी दिली ते आठवत नाही, असं सांगून मोकळी हो.” अभिजितचंही तेच म्हणणं.

येत्या सोमवारी अकरा वाजता पुन्हा शाळेत जायचंय. पोलीस ठाण्यातले साहेबही येणार आहेत. ते विचारणार, संकेतचं नाव तुम्हाला कुणी दिलं, आणि भीती कसली? ते नाव तू दिलंस, प्रतिमा. माझ्या ओट्याशी उभी राहून तू सांगितलंस, शाळेच्या धास्तीने तो गच्चीच्या कठड्यावर चढला होता, तू मागून धरलंस. म्हणालीस, “माझ्याही लेकराचं नाव लिही. पण यांना कधी कळू देऊ नकोस.” मी अभिजितलासुद्धा सांगितलं नाही. वहीत एक शब्द लिहिला, तोही झाकण्यासाठी, आणि नेमका तोच आता आपल्या दोघींच्या गळ्याशी आलाय. साहेबांसमोर खोटं बोलायला माझी जीभ वळणार नाही. देवाला भिते म्हणून, आणि अनुश्रीच्या काळजीने ठाण्यालाही भिते म्हणून. यातलं कुठलं भय मोठं, ते मला विचारू नकोस. मी तुझं नाव सांगेन. मग तुमच्याकडे फोन येईल आणि तो भावजी घेतील. म्हणून हात जोडते, रविवारच्या आत तूच त्यांना सांग. गच्चीचंही सांग. आपल्या मुलाची एवढी गोष्ट बापाला पोलिसाकडून कळू नये.

अजूनही तुझीच म्हणवून घेणारी,
आसावरी